चार मार्कांसाठी तीन पानं

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३-२४च्या पहिल्या सत्रातलं. मुंबईतलं एक स्वायत्त कॉलेज, एफवायबीएस्सीचा जीवशास्त्राचा पायाभूत पेपर, वर्गात ९६ मुलं आणि शिकवणारी मी. मुलांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

या बॅचची एक गोष्ट आधी सांगायला हवी. २०२१ला कोविडमुळे बोर्डाने दहावीची परीक्षाच रद्द केली होती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. ती मुलं ही. त्यानंतर त्यांची अकरावी बरीचशी मोबाइलवर झाली. म्हणजे बोर्डाचा पेपर तीन तास बसून लिहायचा, हे त्यांनी पहिल्यांदा केलं ते थेट बारावीला. त्यातही निम्म्याहून जास्त मुलं ‘नीट’, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, देऊन आलेली. नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे, आणि सगळे चार पर्यायांमधून गोल काळा करण्याचे. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून बीएस्सी घेतलेल्या मुलाला वाटत असतं की निदान बायो तरी आपल्याला येतं. ते अगदी खोटंही नसतं.

आमच्या पेपरची मांडणी तेव्हा अशी होती: सत्रान्त परीक्षा ६०ची, अंतर्गत ४०. त्या ४०मध्ये २०ची लेखी चाचणी, बाकी असाइनमेंट आणि वर्गातला सहभाग. प्रॅक्टिकल वेगळं, त्यात जर्नलला, म्हणजे प्रयोगवहीला, मार्क. पास व्हायला ४० टक्के, म्हणजे चाचणीत २० पैकी ८. मुलांना बोर्डाच्या ३५ची सवय, त्यामुळे ‘आठला पास’ हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहूनही कित्येकांच्या डोक्यात सातच होतं.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर सीओ (कोर्स आउटकम) असतात, म्हणजे हा पेपर शिकून मुलाला काय यायला हवं त्याची यादी. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६मध्ये मांडलेल्या पायऱ्यांवरून त्यातली क्रियापदं घेतलेली असतात: ‘स्पष्ट करणे’, ‘विश्लेषण करणे’. खरं सांगायचं तर ते पान नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी तयार होतं. मी स्वतः ते वर्गात कधी वाचून दाखवलं नव्हतं.

अडचण

चाचणी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात झाली. पाच प्रश्न, प्रत्येकी चार मार्क. ९२ मुलं बसली. ४७ जणांना आठपेक्षा कमी. सगळ्यांत जास्त १७.

तिसरा प्रश्न रिओ या जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडावर होता: रिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या दाट द्रावणात ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल? पेशीभित्तिका आणि आक्रसलेला जांभळा भाग यांच्या मधल्या जागेत काय असेल? तीच साल आधी उकळत्या पाण्यात बुडवून घेतली असती तर काय झालं असतं? कारणं द्या.

मी हा प्रश्न सोपा म्हणून घातला होता. परासरण, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं, बारावीला झालेलं. मधल्या जागेचा प्रश्न तर एमसीक्यूच्या (बहुपर्यायी प्रश्नांच्या) पुस्तकांत ठरलेला, उत्तर ‘हायपरटॉनिक द्रावण’, म्हणजे बाहेरचं ते दाट द्रावणच. फक्त उकळत्या पाण्याचा तुकडा माझा.

या प्रश्नाला चारपैकी सरासरी एकच्या आसपास मार्क पडले. कोणी मधल्या जागेत हवा लिहिली, कोणी व्हॅक्यूम. ज्यांनी ‘हायपरटॉनिक द्रावण’ बरोबर लिहिलं त्यांतल्या बहुतेकांनी का ते लिहिलं नव्हतं. उकळण्याचा भाग बऱ्याच जणांनी सोडूनच दिला.

निकाल नोटीस बोर्डावर लागला आणि दुसऱ्या दिवशी सायलीची आई स्टाफरूमच्या दारात. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून आलेली, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लेकीची बारावीची मार्कशीट. बायोला ९१. इथे २० पैकी ६. मी मनातल्या मनात ठरलेली उत्तरं तयार करत होते: बारावी वेगळी, कॉलेज वेगळं, अभ्यास वाढवायला हवा. बाई भांडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, तिसऱ्या प्रश्नाला तिने तीन पानं लिहिलीत म्हणते. अजून किती लिहायला हवं होतं?”

पेपर काढून बघितला. खरंच तीन पानं होती. परासरणाची व्याख्या, डीपीडी (विसरण दाबातली तूट), द्रावणांचे तीन प्रकार, बटाट्याच्या ऑस्मोस्कोपचा प्रयोग आकृतीसह, वनस्पतींच्या जीवनात परासरणाचं महत्त्व सात मुद्द्यांत. अक्षर मोत्यासारखं, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने रेघा. आणि विचारलेल्या गोष्टीबद्दल शेवटी दीड ओळ, त्यातही व्हॅक्यूम. मी एक मार्क दिला होता आणि समासात लाल पेनने लिहिलं होतं, ‘एक्सप्लेन प्रॉपर्ली’.

त्या शेऱ्याची आजही लाज वाटते. तीन पानं लिहिलेल्या मुलीला ‘नीट स्पष्ट कर’ म्हटल्यावर ती काय करणार? चौथं पान लिहिणार.

दुपारी सायलीला बोलावलं. म्हटलं, पेपर राहू दे, मराठीत सांग. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की काय होतं?

“पाणी सुटतं, मॅम.”

“का सुटतं?”

“मिठामुळे बाहेर जास्त खारट होतं, मग आतलं पाणी बाहेर येतं.”

“मग रिओच्या पेशीत पाणी बाहेर गेल्यावर पेशीभित्तिका का नाही आक्रसत?”

“ती कडक असते ना.” थोडं थांबून, “आणि तिच्यातून मीठपण आत जातं. पडद्यातून जात नाही.”

“मग त्या मधल्या जागेत काय?”

ती हसलीच. “मिठाचंच पाणी. मी व्हॅक्यूम लिहिलं.”

उकळत्या पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, बीट उकडलं की रंग पाण्यात उतरतो तसा रिओचाही उतरेल. पडदाच खराब झाला, मग पाणी धरून कोण ठेवणार. बिटातलं रंगद्रव्य वेगळं आणि रिओतलं वेगळं, पण कारण तेच. मी तोंडी परीक्षा घेत असते तर चारपैकी चार द्यावे लागले असते.

तर विषय तिला येत होता. या कॉलेजात मार्क कशाचे मिळतात, ते मात्र माहीत नव्हतं.

खोलात गेल्यावर सापडलेलं

पहिली गोष्ट पावसाची. जुलैमध्ये गाड्या बंद पडल्या त्या आठवड्यात चारपैकी दोन बॅचचं रिओचं प्रॅक्टिकल बुडालं होतं. त्यांना मी नंतर एकाच सूक्ष्मदर्शकावर रांगेत उभं करून दाखवलं होतं, प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट. हे पेपर काढताना माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. मुलांना नीटनेटकेपणाचे मार्क मिळतात हे शिकवलं कोणी? आम्हीच. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची, असिटोकार्मिनने रंगवायची, अंगठ्याने दाबून पेशी पसरवायच्या आणि पेशीविभाजनाच्या अवस्था शोधायच्या, हे प्रॅक्टिकल ऑगस्टमध्ये झालं होतं. बहुतेकांच्या स्लाइडवर नुसत्या इंटरफेजमधल्या, म्हणजे विभाजन सुरू न झालेल्या, पेशी दिसतात, नशीब असेल तर दोन-चार प्रोफेज, म्हणजे विभाजनाची पहिली अवस्था. पण जर्नल तपासायला घेतली तर ९६ पैकी जवळपास सगळ्यांच्या वहीत देखणी ॲनाफेज, दोन्ही ध्रुवांकडे निघालेली गुणसूत्रं मोजून काढलेली. वरच्या वर्गातल्या कोणाचं तरी जर्नल ग्रुपवर फिरलं होतं. मी त्या आकृत्यांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या, दहापैकी नऊ दिले होते आणि सर्टिफिकेटच्या पानावर सही केली होती. ज्या मुलाने प्रामाणिकपणे ‘फक्त इंटरफेज दिसली’ लिहून तीन साधे गोल काढले, त्याला सहा.

म्हणजे जर्नलमध्ये न दिसलेलं सुंदर काढलं की नऊ, आणि चाचणीत मात्र आम्हाला तर्क हवा. मुलांनी जर्नलवरून जो निष्कर्ष काढला तो बरोबरच होता.

तिसरी गोष्ट माझ्या तपासण्याबद्दलची. शंका आली म्हणून विभागातल्या एका सहकाऱ्यांना २० पेपर दिले, माझे मार्क झाकून. नऊ पेपरांत आमच्यात दोन किंवा जास्त मार्कांचा फरक निघाला, बराचसा पाचव्या प्रश्नात. मी पहिला गठ्ठा एका रात्री अकरानंतर तपासला होता आणि उरलेले रविवारी सकाळी. रात्रीचे पेपर कडक तपासले गेले होते. कारण सोपं होतं: कोणत्या मुद्द्याला किती मार्क, हे मी लिहूनच ठेवलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

परीक्षा समितीत आणि स्टाफरूममध्ये जे जे सुचवलं गेलं ते असं.

काहीच करू नये. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, “पहिल्या चाचणीत आपटतात, दुसऱ्या सत्रात सुधारतात, दरवर्षीचं आहे.” त्यात तथ्य होतं. पण जी सुधारत नाहीत ती कुठे जातात हे कोणी मोजलेलं नव्हतं. पुढच्या वर्गात ती दिसत नाहीत, एवढंच.

सरसकट दोन मार्क वाढवावेत. ६ आणि ७वाले सुटले असते, तक्रारी थांबल्या असत्या, सायलीची आईही खूश. आणि रिओच्या पेशीत व्हॅक्यूम तसाच राहिला असता.

सगळ्यांत जास्त असलेले १७ म्हणजे २० धरावेत आणि बाकीचे त्या प्रमाणात वाढवावेत. ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणून मी कागदावर मांडून बघितलं. ७चे ८.२ होतात, पास. ६चे ७.०६, नापासच. १५चे १७.६ होतात. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला अडीचहून जास्त मार्क वाढवून आणि पाचवाल्याला एकसुद्धा नाही. हा पर्याय तिथेच संपला.

मुलांना एकमेकांशी तोलून श्रेणी द्यावी, वरच्या अमुक टक्क्यांना अमुक श्रेणी. हे सुचवणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं की पेपर अवघड गेला तर सगळ्यांनाच गेला, क्रम तर खरा आहे. पण क्रमही खरा नव्हता. रात्री तपासलेले आणि सकाळी तपासलेले पेपर एका रांगेत उभे होते. शिवाय पायाभूत पेपरात मला मुलगा वर्गात कितवा हे सांगायचं नव्हतं. पेशीचा पडदा काय करतो हे त्याला कळलंय का, एवढंच सांगायचं होतं.

दुसरी चाचणी घ्यावी, आधी अपेक्षा स्पष्ट करून. वेळ खाणारा पर्याय. हाच घेतला, पण त्यातही पेच होताच: मार्क कोणते धरायचे? विभागप्रमुखांचा आग्रह सरासरीचा होता. मी म्हटलं दोन्हींतले चांगले. सरासरी काढली तर सप्टेंबरमध्ये माहीत नसल्याची शिक्षा ऑक्टोबरमध्ये शिकल्यावरही चालू राहते. शेवटी परीक्षा समितीने ‘चांगले’ मान्य केलं, एका अटीवर: पहिली चाचणी दिलेल्या प्रत्येकालाच, १७वाल्यालाही, दुसऱ्यांदा बसता यावं.

काय केलं

पहिल्यांदा चूक दुरुस्त केली. तपासण्यातली विसंगती परीक्षा समितीला लेखी कळवली, प्रत्येक प्रश्नाची मार्कांची विभागणी लिहून काढली आणि सगळे ९२ पेपर पुन्हा तपासले. काहींचे मार्क वाढले, कमी कोणाचेच केले नाहीत. वर्गात जाऊन सांगितलं की तपासताना माझी चूक झाली होती. हे सांगू की नको यावर दोन रात्री घालवल्या. सहकाऱ्यांपैकी निम्म्यांचं मत होतं की सांगितलं तर मुलं पुढे प्रत्येक पेपरला अर्ज टाकतील. सत्र संपेपर्यंत एक अर्ज आला, आणि त्यात मुलाचं म्हणणं बरोबर होतं.

गणपतीच्या सुट्टीनंतर पेपर हातात दिले. आमच्याकडे ही पद्धत नव्हती. मार्क नोटीस बोर्डावर लागायचे, पेपर कपाटात. मग तिसऱ्या प्रश्नाची तीन उत्तरं, नावं काढून, वेगळ्या अक्षरात पुन्हा लिहून, झेरॉक्स वाटली. एक तीन पानांचं (सायलीला विचारून, तिच्या उत्तराच्या धर्तीवर), एक पाच ओळींचं पण बरोबर, एक अर्धंमुर्धं. म्हटलं, तुम्ही तपासा. सोबत मार्कांची एक पट्टी दिली: काय दिसलं ते लिहिलं, एक मार्क, मधल्या जागेत काय ते लिहिलं, एक, कारण, म्हणजे भित्तिकेतून काय जातं आणि पडद्यातून काय जात नाही, ते लिहिलं, दोन. उकळण्याचा भाग तिथे मुद्दाम वगळला, तो तोंडी चर्चेला ठेवला.

पहिल्या फेरीत बहुतेकांनी तीन पानांना तीन दिले आणि पाच ओळींना दोन. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅम, पण हिने मेहनत केलीय.” वर्गात शांतता. मग दुसऱ्या एकीने विचारलं, “पण मधल्या जागेत काय आहे ते कुठे लिहिलंय?” सगळे पानं उलटायला लागले. त्या दहा मिनिटांत जे घडलं ते माझ्या लाल शेऱ्यांनी वर्षानुवर्षं घडलं नव्हतं.

भाषेबद्दल एक सवलत दिली. उत्तर इंग्रजीतच, पण आधी कच्च्या कागदावर मराठीत किंवा हिंदीत दोन ओळी लिहायच्या आणि मग इंग्रजीत न्यायच्या. सेमी-इंग्लिशमधून आलेली मुलं वाक्य पाठ करतात, कारण स्वतःचं वाक्य इंग्रजीत रचायची भीती वाटते. पाठ केलेलं वाक्य चुकत नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

बुडालेल्या दोन बॅचना रिओचं प्रॅक्टिकल शनिवारी जादा घेतलं. जर्नलच्या मार्कांत बदल केला: निम्मे मार्क स्वतःच्या स्लाइडवर काय दिसलं त्याचे, आकृती पेन्सिलच्या साध्या रेघेत, शेडिंग नाही, आणि ‘दिसलं नाही’ हे उत्तर चालेल, कारण काय असावं ते लिहिलं तर.

निकाल

दुसरी चाचणी नवरात्राच्या आधी झाली. प्रश्नांची जात तीच, प्रश्न नवे. आठपेक्षा कमी १८ जण. सायलीला १३. परासरणावरच्या प्रश्नाला तिने सव्वा पान लिहिलं. ती अजूनही जास्तच लिहिते.

हे आकडे बघून विभागप्रमुख खूश झाले. मी तितकी झाले नाही. एकतर दुसऱ्यांदा परीक्षा देताना मार्क थोडे वाढणारच. दुसरं म्हणजे पट्टी दिल्याचा दुष्परिणाम उत्तरांत दिसत होता. बऱ्याच जणांनी ‘दिसलं – जागा – कारण’ असा साचाच पाठ केला. एका पेपरात मुळांतून पाणी शोषण्याच्या प्रश्नालाही ‘मधल्या जागेत हायपरटॉनिक द्रावण’ लिहिलेलं होतं. जुन्या पाठांतराच्या जागी नवं पाठांतर, थोडं आखूड.

आणि एक तक्रार आली जिला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. पहिल्या चाचणीत १७ मिळवणारा मुलगा दुसऱ्या चाचणीला बसलाच नाही, गरज नव्हती. त्याचा एक मित्र ५वरून १७वर आला. हा म्हणाला, “मॅम, मी गणपतीची आरास सोडून अभ्यास केला होता. तोही १७ आणि मीही १७?” मी त्याला मार्क म्हणजे शर्यत नव्हे वगैरे सांगितलं. ते मला पटतं. त्याला पटलं नाही, आणि एमएस्सीच्या प्रवेशाला मेरिट लिस्टच लागते हे दोघांनाही माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या सत्रान्त परीक्षेत वर्गाचा निकाल आधीच्या वर्षापेक्षा बरा लागला, पण तो पेपर विभागातल्या तिघांनी मिळून काढलेला आणि त्यातले निम्मे प्रश्न ‘टिपा लिहा’ प्रकारचे. तिथे तीन पानंच कामाला येतात. सायलीला तिथे चांगले मार्क पडले. ते सुधारणेमुळे की जुन्या सवयीमुळे, हे मला सांगता येणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तीन उत्तरं तपासण्याचा तास सप्टेंबरच्या शेवटी घेतला, तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यायला हवा होता, मार्क नसलेल्या छोट्या चाचणीसोबत. गेल्या वर्षापासून तसं करते. वेळ जातो, एक युनिट घाईत उरकावं लागतं. चालतं.

‘दोन्हींतले चांगले’ हा नियम सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर असता तर १७वाल्या मुलाची तक्रार आली नसती. निदान त्याने आरास सोडायची की नाही हे नियम माहीत असून ठरवलं असतं. नियम खेळ सुरू झाल्यावर बदलला, हा त्याचा मुद्दा खरा आहे. मुद्दे पास-नापासच्या रेषेजवळच्या मुलांचेच ऐकायचे, ही आम्हा शिक्षकांची सवय.

मार्कांची पट्टी आता मुलांना तयार देत नाही. प्रश्न देते आणि पट्टी त्यांना करायला लावते. मग माझी दाखवते. साचा पाठ करणं त्यामुळे थांबलेलं नाही, कमी झालंय.

तपासायला बसण्याआधी दहा पेपर नुसते वाचते, मार्क न देता. मग विभागणी लिहिते. मग एका बैठकीत सगळ्यांचा पहिला प्रश्न, दुसऱ्या बैठकीत सगळ्यांचा दुसरा. रात्री अकरानंतर पेपर उघडत नाही.

जर्नलचं मात्र अडलंय. माझ्या बॅचपुरता नियम बदलला, पण सर्टिफाइड जर्नल बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर जातं आणि त्यांना देखणी ॲनाफेज बघायची सवय आहे. मागच्या मार्चमध्ये एका परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीचं जर्नल उघडलं, ‘चाळीस मिनिटं शोधूनही ॲनाफेज मिळाली नाही, टोक बहुतेक जास्त वर कापलं गेलं’ हे वाक्य वाचलं आणि मला विचारलं, “मॅडम, हे अपुरं जर्नल तुम्ही सही करून कसं पुढे पाठवलंत?” मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पाचपैकी तीन दिले.